पानाबाहेर राहिलेला मजकूर : ओव्हरसेट शोधणाऱ्या स्क्रिप्टच्या नोंदी

३ जून

वनस्पती-परिचय कोशाचं काम. ४४० वनस्पती, प्रत्येकीला एक पान, २० पानांची एक अशा २२ इनडिझाइन फाइली. (इनडिझाइन म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर.) पानावर ठरलेल्या मापाच्या तीन चौकटी: वर नाव, मधे वर्णन, खाली लक्षणांचा तक्ता. मजकूर एका मोठ्या एक्सेल शीटमधून स्क्रिप्टने भरला जातो. जागा ठरलेली आणि मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती, म्हटल्यावर कुठे ना कुठे तो चौकटीत मावणार नाही हे उघडच होतं. मावला नाही (याला ‘ओव्हरसेट’ म्हणतात) की चौकटीच्या उजव्या बाजूला खाली लाल अधिकचिन्ह येतं, आपण ते बघतो, दुरुस्त करतो. एवढ्यावर आतापर्यंत भागत होतं.

आज गुंजेच्या पानाचं प्रूफ परत आलं. वर्णन संपतं ते असं: ‘या बिया दिसायला आकर्षक असल्या तरी’. पुढे काही नाही. मूळ मजकुरात पुढे आहे ‘अत्यंत विषारी असतात’. मुद्रितशोधकाला चूक दिसली ती केवळ वाक्य अर्धवट राहिलं म्हणून. चौकट नेमकी पूर्णविरामापाशी संपली असती तर गुंजेच्या बिया आमच्या कोशात नुसत्याच आकर्षक राहिल्या असत्या.

प्रत्येक वर्णनाचं शेवटचं वाक्य हे धोक्याच्या सूचनेचं. आणि ओव्हरसेट जातं ते नेहमी शेवटचंच.

इनडिझाइनचं प्रीफ्लाइट, म्हणजे छपाईआधीची आपोआप होणारी तपासणी, ओव्हरसेट दाखवतं, हे माहीत आहे. खालच्या पट्टीवरचा लाल ठिपका सगळे बघतात आणि त्याची सवयही सगळ्यांना झालेली असते. पण मला २२ फाइलींची एकत्र यादी हवी आहे, आणि ती इनडिझाइन नसलेल्या संपादक मॅडमना वाचता आली पाहिजे: कुठलं पान, काय राहिलं, किती कापायचं. तेव्हा स्क्रिप्ट.

४ जून

पहिली आवृत्ती तासाभरात झाली. इनडिझाइनमध्ये एकमेकींना जोडलेल्या चौकटींतून वाहणारा सगळा मजकूर मिळून एक ‘स्टोरी’ होते, आणि स्टोरीला ‘ओव्हरफ्लोज’ नावाचा गुणधर्म असतो: हो किंवा नाही. सगळ्या स्टोऱ्यांवर फिरायचं, ‘हो’ असेल ती टिपायची. २२ फाइलींत ९६ निघाल्या.

आता पान क्रमांक. स्टोरीला पान नसतं, पान असतं चौकटीला. म्हणून स्टोरीच्या चौकटींची यादी घ्यायची, तिच्यातली शेवटची उचलायची आणि तिला ‘पेरेंटपेज’, म्हणजे ती कुठल्या पानावर आहे ते, विचारायचं. दोन ठिकाणी स्क्रिप्ट कोसळली. एकदा शेवटची ‘चौकट’ चौकट नव्हतीच, वक्ररेषेवर बसवलेला मजकूर होता. त्याच्या बाबतीत आधी ती रेषा ज्या आकृतीची आहे तिच्यापर्यंत जावं लागतं. दुसऱ्यांदा चौकट पेस्टबोर्डवर, म्हणजे पानाभोवतीच्या न छापल्या जाणाऱ्या मोकळ्या जागेत, पडलेली होती. पानाला न टेकलेल्या वस्तूचं पेरेंटपेज रिकामं येतं. अशा सगळ्यांना ‘पानाबाहेर’ असा शेरा देऊन यादीतून वगळलं. पेस्टबोर्डवर आम्ही जुने तुकडे, रंगांचे नमुने, एकमेकांसाठी चिठ्ठ्या असं काय काय टाकून ठेवतो. तो कचरा यादीत नको.

इनडिझाइनच्या स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात ती एक्सटेंडस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टची फार जुनी, तिसऱ्या मानकाची बोली. हाताला सवय झालेलं ‘ट्रिम’ नाही, याद्यांना ‘इंडेक्सऑफ’ नाही. सगळं स्वतः लिहायचं. पहिल्या दिवशी चिडचिड होते, मग होत नाही.

६ जून

तक्ते. संपादक मॅडमनी विचारलं, “तुळशीच्या तक्त्यात ‘फुलोरा’च्या रकान्यात अर्धाच शब्द दिसतोय, तो तुमच्या यादीत कसा नाही?”

नाही, कारण तक्त्याच्या घरातला मजकूर मावला नाही तरी त्याचा बभ्रा स्टोरीपर्यंत जात नाही. स्टोरीच्या दृष्टीने अख्खा तक्ता म्हणजे एक अक्षर. ते अक्षर चौकटीत बसलं की स्टोरी समाधानी. घराच्या आत काय चाललंय त्याची तिला खबर नसते. घराला स्वतःचं ‘ओव्हरफ्लोज’ असतं, ते वेगळं विचारावं लागतं. तक्त्यातल्या घरात आणखी तक्ता असेल तर त्याच्याही आत शिरावं लागतं. आमच्याकडे तसं नाही, पण फंक्शन स्वतःला पुन्हा हाक मारेल असंच लिहून ठेवलं.

घर ओव्हरसेट होतं ते बहुधा रांगेची उंची ‘नेमकी इतकी’ अशी बांधलेली असेल तेव्हा. ‘किमान इतकी’ असेल तर रांग मजकुराबरोबर वाढते. मग घर सहसा तक्रार करत नाही, पण तक्ता लांबत जातो आणि खालच्या रांगा चौकटीबाहेर पडतात. म्हणजे दुखणं घरातून उठून स्टोरीत येतं, एवढंच. आमचे बहुतेक तक्ते बांधलेल्या उंचीचे आहेत. ११ घरं सापडली. त्यांची यादी वेगळी ठेवली.

७ जून

९६ पैकी बऱ्याच नोंदी खोट्या निघाल्या. शीटमधून मजकूर येताना शेवटी एक-दोन रिकामे परिच्छेद चिकटून येतात. मजकूर पूर्ण दिसतोय, बाहेर गेलाय तो नुसता रिटर्न. इनडिझाइन मात्र लाल चिन्ह दाखवतं, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

तेव्हा चाळणी लावली. शेवटच्या चौकटीतलं शेवटचं अक्षर स्टोरीत कितवं आहे ते काढायचं, तिथून पुढचा सगळा मजकूर उचलायचा, आणि त्यात एकही अक्षर किंवा अंक नसेल तर ‘रिकामं’ म्हणून सोडून द्यायचं. शेवटची चौकट कधी कधी पूर्ण मोकळी असते, तेव्हा मागे मागे जात अक्षर असलेली चौकट गाठायची. ३५ नोंदी गळल्या, ६१ राहिल्या. हा भाग पटकन झाला याचा आनंद झाला.

१० जून

आनंद तीन दिवस टिकला.

प्रूफात कण्हेरीच्या पानावर लाल सूचना-चौकट नाही. कण्हेरीचे सगळेच भाग विषारी, म्हणून तिच्यासारख्या काही वनस्पतींच्या वर्णनाच्या शेवटी सूचना साध्या वाक्यात न लिहिता लाल पट्टीच्या छोट्या चौकटीत घातली आहे. ही चौकट मजकुरात नांगरलेली असते: तिच्या आधीचा परिच्छेद खाली सरकला की तीही सरकते. वर्णन एका ओळीने वाढलं आणि लाल चौकट वर्णनाच्या चौकटीबाहेर गेली. ओव्हरसेट आहेच. मग यादीत का नाही?

कारण माझी चाळणी. नांगरलेली वस्तू मजकुरात एका विशेष अक्षराच्या रूपात राहते, युनिकोडमधलं षोडशमान एफएफएफसी. तक्ता राहतो तो ००१६ या नियंत्रण-अक्षराच्या रूपात. मी ‘अक्षर किंवा अंक नसेल तर रिकामं’ असं म्हटलं होतं. हे दोन्ही ना अक्षर, ना अंक. म्हणजे पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेर राहिली असताना स्क्रिप्ट तिला रिकामी जागा समजून पुढे निघून गेली. विषाची सूचना गाळणारी चाळणी मी स्वतःच्या हाताने विणली.

आता उलटं केलं. ‘रिकामं’ कशाला म्हणायचं त्याचीच छोटी यादी: रिटर्न, सक्तीची ओळतोड, टॅब, साध्या आणि न तुटणाऱ्या जागा, शून्य रुंदीची अक्षरं. याखेरीज काहीही बाहेर असेल तर ते मोलाचं, न ओळखता आलेलं असलं तरीही. एकटा पूर्णविराम किंवा कंस बाहेर राहिला तर तोही आता दिसतो. आधी तोही गळत होता. पाच नोंदी परत आल्या: तीन सूचना-चौकटी, दोन तक्ते. एकूण ६६.

१२ जून

यादी मॅडमना पाठवली. पान, वनस्पती, बाहेर राहिलेल्या मजकुराचे पहिले काही शब्द, बाहेरच्या अक्षरांची संख्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिली, पण सुरुवातीचं बाइट-क्रम चिन्ह घातलं नव्हतं. एक्सेलने देवनागरीचा पार चिखल केला. ते चिन्ह घातल्यावर सुधारलं.

मॅडमचा फोन: “इथे चोवीस अक्षरं लिहिलंय. मी मोजली तर नऊच भरतात.”

दोघीही बरोबर. इनडिझाइन मोजतं ती युनिकोडची चिन्हं. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं. ‘क्षि’ची चार. रोमन लिपीत अक्षरांचा आकडा निदान अंदाजाला कामी येतो, देवनागरीत तो जोडाक्षरांच्या गर्दीवर अवलंबून. शास्त्रीय मजकुरात तर जोडाक्षरं जास्तच.

शब्द मोजून दिले तर? थोडं बरं, पण ‘पुष्पगुच्छधारी’ही एक शब्द आणि ‘व’ही एक शब्द. कापणाऱ्याला हवं असतं ते एकच: किती ओळी. टेक हे जुनं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर, १९७८ पासूनचं, ओळ रुंदीबाहेर गेली तर किती पॉइंटांनी गेली ते लॉगमध्ये लिहून ठेवतं. इथे मात्र हो किंवा नाही. बाहेर राहिलेल्या मजकुराच्या ओळी पाडलेल्याच नसतात, त्यामुळे त्या मोजायच्या तरी कुठून?

१३ जून

उत्तर सोपं निघालं, सुचायला मात्र अर्धा दिवस गेला.

आधी चौकट खाली ताणून पाहिली: मजकूर मावेपर्यंत तळ वाढवायचा, मग वाढलेल्या उंचीला ओळ-अंतराने भागायचं. चौकट खालच्या तक्त्यावर गेली. तक्त्याच्या चौकटीला टेक्स्ट रॅप लावलेला, त्यामुळे मजकूर तक्त्याला वळसा घालून पळाला आणि सगळं मोजमाप फिसकटलं. एकदा इतकी ताणली की ‘वस्तू पेस्टबोर्डबाहेर जाईल’ म्हणून इनडिझाइननेच हात झटकले.

मग ताणणं सोडलं. पानाबाहेर, पेस्टबोर्डवर, त्याच रुंदीची एक उंच नवी चौकट करायची आणि शेवटच्या चौकटीला पुढची चौकट म्हणून ती जोडून द्यायची. बाहेर अडकलेला मजकूर आपोआप तिच्यात उतरतो, इनडिझाइन त्याच्या ओळी पाडतं, आपण ओळी मोजायच्या आणि चौकट काढून टाकायची. चौकट काढली तरी मजकूर स्टोरीतच राहतो, पुन्हा ओव्हरसेट होतो. पानावर कशालाही धक्का नाही. हिला मी मोजचौकट म्हणते.

पहिल्या खेपेला ओळी जास्त भरल्या. नवी चौकट या फाइलींच्या मूळ शैलीत जन्माला येते आणि त्या शैलीत चारी बाजूंना ३ मिमी आत मोकळी जागा सोडलेली आहे. रुंदी घटली, ओळी वाढल्या. आता आतली जागा शून्य करून स्तंभाची रुंदी मूळ चौकटीवरून उचलते. दोन स्तंभी चौकट असेल तर अख्ख्या चौकटीची नव्हे, एका स्तंभाची रुंदी घ्यायची. लांबीची एककं स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पॉइंटात बांधून टाकली, नाहीतर प्रत्येक फाइलीच्या पट्टीचं एकक वेगळं.

मोजचौकटीने आणखी एक गोष्ट फुकट दिली. ती जोडूनही तिच्यात शून्य ओळी आल्या आणि ओव्हरसेट तसंच राहिलं, तर अडचण जागेची नाही. कुठेतरी ‘तोडू नका’ लावलेला लांबलचक भाग आहे, किंवा नांगरलेलं चित्र कोणत्याच चौकटीत मावणार नाही इतकं मोठं आहे. अशा नोंदीपुढे आता ‘कापून उपयोग नाही’ असं येतं. दोन सापडल्या. एकीत शास्त्रीय नावावर ‘नो ब्रेक’ लावताना कोणीतरी अख्खा परिच्छेद निवडला होता.

१४ जून

६६ पैकी १९ नोंदींत नेमक्या दोन ओळी. इतका योगायोग शंकास्पद वाटला. परिच्छेद-शैलीत ‘शेवटच्या किमान दोन ओळी एकत्र’ असं बांधलेलं आहे. म्हणून बाहेर जायला हवी होती एकच ओळ, पण ती एकटी जाऊ शकत नाही, सोबतीला वरचीही घेऊन जाते. कापणाऱ्याला दोन ओळी सांगितल्या तर ती विनाकारण जास्त कापणार. शैलीतला तो नियम वाचून ‘२ (खरी १)’ असं लिहायला लावलं. शिवाय शेवटच्या ओळीत किती शब्द आहेत तेही. एकच शब्द असेल तर मागचा एखादा ‘अत्यंत’ उडवला तरी भागतं.

दुपारी फाइल ७ वर स्क्रिप्ट मधेच कोसळली, तीही चौकट जोडल्यानंतर आणि काढण्याआधी. फाइल न जतन करता बंद केली. मोजणीचा सगळा भाग आता अशा रीतीने गुंडाळला आहे की चूक झाली तरी चौकट काढली जाईल, आणि फाइल शेवटी न जतन करताच बंद होईल. आधीच सुचायला हवं होतं.

१८ जून

रात्री चालवायला म्हणून स्क्रिप्ट दुसऱ्या संगणकावर टाकली. सकाळी यादी: १४३.

माझ्या संगणकावर पुन्हा चालवली: ६५. (शेवटच्या वेळी ६६ होत्या. मॅडमनी एखाद्या पानावर काटछाट केली असेल.)

फाइली त्याच, स्क्रिप्ट तीच, आकडे दोन. त्या संगणकावर वर्णनाच्या टंकाचा ठळक प्रकार नव्हताच. एरवी फाइल उघडताना ‘टंक सापडला नाही’ अशी खिडकी समोर येते. पण रात्री कोणी खिडक्या बंद करायला बसलेलं नसतं, म्हणून मीच स्क्रिप्टमध्ये ‘संवाद दाखवू नका’ असं घातलं होतं. इनडिझाइनने आज्ञा पाळली, मुकाट्याने दुसरा टंक बसवला आणि त्या टंकाच्या रुंदीने ओळी पाडल्या. मजकूर मावतो की नाही हे टंकावर ठरतं; टंक दुसरा असेल तर उत्तर दुसऱ्याच पुस्तकाचं.

आता फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी टंकांची यादी बघायची. एकही ‘उपलब्ध नाही’ किंवा ‘बदली’ असेल तर त्या फाइलीची मोजणीच करायची नाही, नुसतं लिहायचं: टंक नाही, निष्कर्ष नाही. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरा रकाना बरा. नाव तेच पण आवृत्ती वेगळी असंही होतं, आणि तेव्हा इनडिझाइन तक्रार करत नाही. म्हणून टंकाची आवृत्तीही अहवालात उतरवते. सगळे टंक फाइलीशेजारच्या ‘डॉक्युमेंट फाँट्स’ फोल्डरात ठेवले. इनडिझाइन तिथले टंक आपणहून उचलतं, संगणक कुठलाही असो.

संवाद बंद करण्याची ती सूचना स्क्रिप्ट संपताना पूर्ववत करायला विसरले होते. दिवसभर इनडिझाइन कसलीच खिडकी दाखवेना. मला वाटलं आज सगळं किती सुरळीत चाललंय.

१९ जून

टंक सगळे जागेवर, तरी फाइल १२ मध्ये चार पानं उगाच ओव्हरसेट. बघते तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतायत. जुन्या फाइलीतून मजकूर चिकटवताना तिथली परिच्छेद-शैलीही आली होती आणि तिच्यात रोमन लिपीचा कंपोजर (अक्षरं जुळवून ओळी पाडणारा भाग) होता. देवनागरी जुळवायला वर्ल्ड-रेडी कंपोजर लागतो. फुटलेली जोडाक्षरं जास्त जागा खातात, मजकूर फुगतो.

कंपोजरचं नाव तपासताना एक गंमत. इनडिझाइन ज्या भाषेत चालतं त्या भाषेत हे नाव येतं, त्यामुळे नावाशी तुलना केली तर दुसऱ्या भाषेच्या प्रतीवर ती फसते. आतलं कायमचं नाव वेगळं आहे आणि त्यात ‘ऑप्टिका’ असा शब्द आहे. त्याच्याशी तुलना केली. देवनागरी अक्षर असलेला परिच्छेद आणि कंपोजर ऑप्टिका नाही, तर आधी ते दुरुस्त करा, मग मोजा.

२१ जून

“स्क्रिप्टला एवढं सगळं कळतंय, तर फाँट थोडा लहान करून तीच का बसवत नाही?” हा प्रश्न येणार होताच. आज मॅडमनी विचारला.

करून पाहिलं, नाही असं नाही. ओव्हरसेट असेपर्यंत टंकाचा आकार ०.१ पॉइंटाने कमी करत जायचं. परवाच्या त्या अवाढव्य चित्राच्या पानावर हे चक्र थांबेचना. आकार कितीही लहान करा, चित्र तेवढंच. इनडिझाइन सक्तीने बंद करावं लागलं. फेऱ्यांना मर्यादा घातल्यावर चक्र थांबलं, पण समोरासमोरची दोन पानं दोन आकारांत आली. एका पानावर १० पॉइंट, दुसऱ्यावर ९.१. वाचणाऱ्याला आकडा कळणार नाही, पण काहीतरी खटकेल.

अक्षरांमधलं अंतर आवळणं हा दुसरा उपाय. रोमन लिपीत थोडं आवळलेलं खपून जातं. देवनागरीत शिरोरेषा आहे: अंतर वाढवलं तर ती तुटते, कमी केलं तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात, मात्रा शेजारणीला टेकते. आडवी रुंदी ९८ टक्के करणं त्यातल्या त्यात बरं, तेही एखाद्या परिच्छेदापुरतं आणि डोळ्यांनी बघून.

मॅडमना सांगितलं, स्क्रिप्ट बसवणार नाही, फक्त सांगेल. काय कापायचं ते तुम्ही ठरवा. त्या म्हणाल्या, “म्हणजे काम माझंच.” हो.

२४ जून

वेग. प्रत्येक स्टोरीला वेगळं विचारण्याऐवजी सगळ्यांचं उत्तर एका हाकेत मागवता येतं, यादीच परत येते. पडदा रंगवणं बंद केलं. २२ फाइलींना अकरा मिनिटं लागत होती, आता तीन. त्यातला बराच वेळ फाइली उघडण्यातच जातो, तिथे माझं काही चालत नाही.

२५ जून

एका सहकाऱ्याचं काम स्क्रायबस या पानमांडणीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला हेच हवं होतं. तिथे पायथनमधून ‘टेक्स्टओव्हरफ्लोज’ नावाचं फंक्शन मिळतं आणि ते हो-नाही न सांगता थेट बाहेरच्या अक्षरांचा आकडा देतं. जोडलेल्या चौकटी धरायच्या की एकटीच, हेही सांगता येतं. पानावरच्या वस्तूंची यादी मात्र चालू पानापुरतीच येते, म्हणून एकेका पानावर जात फिरायचं. यादीत प्रकार ४ म्हणजे मजकुराची चौकट. आकडा इथेही चिन्हांचाच, त्यामुळे ‘स्त्री’ची अडचण तीच. त्याला मोजचौकटीची कल्पना सांगितली.

जेवताना पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरची आठवण निघाली. तिथे मजकूर उरला की खालच्या पट्टीत लाल त्रिकोण यायचा. चिन्ह बदललं, आपण ते न बघणं काही बदललं नाही.

२७ जून

मॅडमनी बहुतेक पानं कापून दिली. आज चालवली: ओव्हरसेट ३, घरं शून्य. तिन्ही संध्याकाळपर्यंत मिटतील.

पण कण्हेर डोक्यातून जात नाही. त्या दिवशी लाल चौकट ज्या वर्णनात नांगरलेली होती ते ओव्हरसेट होतं. लाल चौकटीच्या आतला मजकूर मात्र तिच्या आत नीट मावलेला. त्या स्टोरीला विचारलं असतं तर उत्तर ‘नाही, ओव्हरसेट नाही’. आणि तरी ती छापली जाणार नव्हती. नांगर बाहेर गेला की चौकटीला पान उरत नाही, पेरेंटपेज रिकामं. ४ जूनला मी पेरेंटपेज रिकामं असलेलं सगळं कचरा म्हणून वगळलं होतं.

मी पहिल्या दिवसापासून विचारत होते: मजकूर चौकटीत मावला का? विचारायचं होतं: तो पानावर आहे का? बहुतेक वेळा दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं, म्हणून फरक जाणवत नाही. आता ओव्हरसेट असो-नसो, प्रत्येक स्टोरीच्या प्रत्येक चौकटीला पान विचारायचं. पान नाही आणि आत मजकूर आहे, तर यादीत. स्तर लपवलेला किंवा न छापणारा असेल, चौकटीवर ‘छापू नका’ लावलेलं असेल, तरी यादीत. चिठ्ठ्या आणि रंगांचे नमुने येतील, येऊ देत. त्यांचा एक वेगळा स्तर करून त्याला नाव दिलं, तेवढाच एक वगळायचा.

पहिल्या फेरीत २३ नोंदी आल्या, सगळ्या खरोखरच चिठ्ठ्या. त्या स्तरावर हलवल्या. एका चिठ्ठीत मीच लिहिलंय: ‘हे पान नंतर बघ’. कुठलं पान ते लिहिलेलं नाही.

२८ जून

छपाईआधीची शेवटची फेरी. टंक सगळे हजर, कंपोजर सगळे बरोबर. ओव्हरसेट शून्य. घरं शून्य. पानाबाहेर एक.

फाइल ७, धोत्र्याचं पान. उघडून पाहिलं: पानाच्या उजवीकडे पेस्टबोर्डवर एक उंच, अरुंद चौकट, आतली मोकळी जागा शून्य, रुंदी नेमकी वर्णनाच्या स्तंभाएवढी. माझीच मोजचौकट. १४ जूनला स्क्रिप्ट कोसळली तेव्हा फाइल न जतन करता बंद केली असं मी लिहिलंय. बोटांनी सवयीने आधी जतन केली असणार. काल ही का दिसली नाही तेही कळलं: त्या २३ नोंदींत हीही होती, चिठ्ठी समजून मीच ती निवडून चिठ्ठ्यांच्या स्तरावर ढकलली होती, आणि आज सकाळी कोणीतरी पान आवरताना तिथून परत हलवली.

वर्णनाच्या चौकटीवर लाल अधिकचिन्ह नव्हतं. प्रीफ्लाइटचा ठिपका हिरवा. मजकूर कुठेही ओव्हरसेट नव्हता, तो मावला होता, पानाशेजारी. ६६ ची ६५ झाली ती इथे. मॅडमनी काही कापलंच नव्हतं.

चौकटीत दोन ओळी होत्या: ‘बिया व पाने विषारी असतात. मुलांच्या हाती लागू देऊ नये.’

चौकट काढली. अधिकचिन्ह परत आलं. मॅडमना कळवलं: धोत्रा, दोन ओळी, खरी एक.